जरा मोठंच

1977 साली मी पाचवीत होतो. खाकी चड्डी, पांढरा शर्ट; दोन्ही आईने घरच्या मशीनवर शिवलेले. चड्डीच्या पायांना ती आतून चार बोटं कापड दुमडून ठेवायची आणि दर जूनमध्ये थोडं उसवायची. उसवलेल्या जागी कोऱ्या खाकीचा पट्टा उठून दिसे, बाकीची चड्डी धुवून धुवून पांढुरकी झालेली. पोरं हसायची. (सर्वांत जास्त हसलेले दोघे आज, ज्या स्मरणिकेसाठी हे लिहितोय, तिच्या समितीवर आहेत. हा परिच्छेद छापून आला तर त्यांचं मन मोठं समजावं.)

बायबलच्या तासाला ज्या बाई होत्या, त्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेल्या. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून जिथे सांभाळल्या, तेच केडगाव. स्वतःच्या आईबापांविषयी बाई कधी बोलल्या नाहीत.

एकदा त्यांनी फळ्यावर 127 वं स्तोत्र लिहिलं : ‘पाहा, संतती ही परमेश्वराने दिलेले धन आहे, पोटचे फळ त्याची देणगी आहे.’ ‘पोटचे फळ’ वाचून मागचे बाक फिदीफिदी हसले. बाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही.

“शाळेला देणगी मिळते. हेडमास्तर ती घरी नेतात का?”

“नाही, बाई.”

“का नाही?”

“पावती फाडलेली असते!” कुणीतरी ओरडलं.

“बरोबर. हिशेब द्यावा लागतो. तुमच्या आईबापांच्या नावे तुमची पावती फाडलीय.”

मग हन्नाची गोष्ट आली. मूल होत नाही म्हणून रडणारी, नवस बोलणारी, आणि शमुवेल झाल्यावर दूध तुटताच त्याला शिलोच्या मंदिरात एली याजकाच्या हाती देऊन येणारी हन्ना. पुढे दरवर्षी ती त्याच्यासाठी एक लहान अंगरखा शिवून नेई. बाईंनी विचारलं, “पोरगा वर्षभर डोळ्यांआड. मग माप कुठून घेतलं?”

सगळा वर्ग गप्प. माझ्या तोंडून निघून गेलं, “अंदाजाने, बाई. जरा मोठंच शिवलं असेल.”

बाई माझ्या चड्डीच्या पट्ट्याकडे बघून हसल्या. त्या दिवसापासून त्या पट्ट्याची लाज कमी झाली. गेली नाही, कमी झाली.

1999 मध्ये मुलगी झाली. गुरुवार पेठेत, पंचहौदाच्या देवळात तिचा बाप्तिस्मा झाला. कपाळावर पाणी पडताच तिने सूर लावला. हिला प्रभूच्या शिक्षणात वाढवू, असं वचन आम्ही दोघांनी आणि धर्ममाता-धर्मपित्यांनी दिलं. नंतर चहा होता. आमचे वडील पाहुण्यांना सांगत होते, “जपून घ्या हो. 1890 मध्ये इथे मिशनऱ्यांकडे घेतलेल्या चहापायी टिळक-रानड्यांना पुढे प्रायश्चित्त घ्यावं लागलं!” हा विनोद ते प्रत्येक बाप्तिस्म्याला करत.

वचन द्यायला मिनिटभर पुरतं. 2015 मध्ये ती दहावी झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं, मला ती इंजिनिअर हवी होती. कारण मला व्हायचं होतं आणि घरची परिस्थिती नव्हती. महिनाभर मी तिला बोलून बोलून हैराण केलं. एकदा तर पाहुण्यांसमोर. ती उठून आत गेली आणि दोन दिवस जेवली नाही. दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारा मी. ‘बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका’ हे इफिसकरांच्या पत्रातलं वचन मला पाठ होतं.

आई तेव्हा पंच्याहत्तरीची. दिसत कमी होतं, ऐकू सगळं येत होतं. म्हणाली, “तुझी चड्डी मी कधी तुझ्या बापाच्या मापाची शिवली नाही. तू पोरीला तुझंच माप घालायला निघालास.”

मी काही बोललो नाही. उत्तर नव्हतंच.

मुलगी आता मिरजेला नर्स आहे. रात्रपाळी असली की पहाटे फोन करते, आधी आजीची चौकशी, मग माझी. यंदा नाताळच्या आधी तिच्यासाठी स्वेटर घ्यायला तुळशीबागेत गेलो होतो. दुकानदाराने माप विचारलं. मला सांगता येईना.

“जरा मोठाच द्या,” म्हटलं.

“मुलगी केवढी आहे?”

“सव्वीस.”

त्याने स्वेटर परत घडी घातला आणि माझ्याकडे बघत राहिला.