कन्नड शिकतो तशी खुणांची भाषा पण शिकूया की

मिरजेत दवाखान्यात नोकरी करायची म्हणजे थोडं कन्नड यावंच लागतं. अथणी, रायबाग, चिकोडीकडनं पेशंट येतात, त्यामुळं "ऊट आतेन्री" (जेवण झालं का) एवढं तर नवीन सिस्टर पण महिन्याभरात बोलायला लागते, कुणी सांगावं लागत नाही. मग कर्णबधिर पेशंट आला की आपण सगळे नुसतं मोठ्यानं का बोलतो?

मागं सर्जरी वॉर्डात जत तालुक्यातली एक कर्णबधिर बाई होती, सोबत चौथी-पाचवीतली तिची पोरगी. पाळी कधी आली, अंगावरून जातंय का, सगळं त्या लेकराकडून आईला विचारून घेतलं. आई लाजून नुसती मान हलवायची आणि केसपेपरवर तेच उत्तर म्हणून लिहिलं जायचं. मला फार वाईट वाटलं ते. मान हलवली म्हणजे कळलं असं नसतं हो, आणि ऑपरेशनच्या संमतीवर सही घेताना तर हे चालूच नये, तिथं ट्रेनिंग घेतलेला दुभाषीच पाहिजे, घरचं पोर नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येतच सांकेतिक भाषा धरलेली आहे.

लिहून दाखवा म्हणतात बरेच जण. पण लहानपणापासून ऐकू येत नसलेल्या कितीतरी जणांना लिहिलेलं मराठी आपल्याइतकं सोपं जात नाही, त्यांची खुणांची भाषा वेगळी, तिचं व्याकरण वेगळं, आणि भुवया, ओठ, चेहरा हे सगळं त्या व्याकरणातच येतं, म्हणजे आपण मास्क लावून समोर उभं राहिलो की निम्मं बोलणं तिथंच झाकलं.

आणि सलाईन! पेशंट ज्या हातानं जास्त बोलतो त्याच हाताला इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनची सुई, टोचायची, वर मनगटाला पट्टी बांधून टाकायची. आधी विचारा ना कुठला हात, जमेल तिथं दुसऱ्या हाताची शीर बघा, बोटं आणि मनगट मोकळं ठेवा. दोन्ही हात बांधले तर त्या माणसानं दुखतंय हे सांगायचं कशानं? रात्री पण तेच, तो काही "ओ सिस्टर" म्हणून हाक मारू शकत नाही, त्याची कॉट आपल्या टेबलासमोर घ्या, लाईट पूर्ण घालवू नका, आणि पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला हँडओव्हर देताना हे आवर्जून सांगा.

शिकायला फार काही लागत नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राची डिक्शनरी 2018 ला 3000 शब्दांनी सुरू झाली, 2021 ला 10,000 वर गेली, मेडिकलचे शब्द पण आहेत त्यात, व्हिडिओ युट्युबवर फुकट. दुखणं, चक्कर, उलटी, लघवी, उपाशी राहा, गोळी जेवणाआधी, एवढं आलं तरी पेशंटचा चेहरा सैल पडतो.

पण खरं शिकवणार ते ही भाषा रोज बोलणारेच. सांगली-मिरजेतलं कुणी कर्णबधिर ताई-दादा दुपारी ड्युटी बदलताना तासभर येऊन शिकवणार असतील तर सांगा, मॅट्रन मॅडमशी मी बोलते.