पहिली वेचणी

जिनिंगवर कापसाची गाडी नेली की ग्रेडर वरचा कापूस पाहातच नाही. कोपरापर्यंत हात आत खुपसतो, मधातून मूठभर काढतो, सरकी बाजूला करून दोन्ही चिमटीत धागा ओढून लांबी बघतो आणि मग तोंड वाकडं करून भाव सांगतो (तोंड वाकडं करणं फुकट असतं, ते प्रत्येक गाडीला मिळतं). वर पांढराशुभ्र आन खाली कवडी, हे धंदे आम्ही पण केलेले आहेत, त्यामुळे चिडायची सोय नसते.

कोणाचा ग्रेटेस्ट हिट्स, म्हणजे निवडक गाजलेल्या गाण्यांचा अल्बम दिसला की मला हाच माणूस आठवतो.

माझ्या फोनमध्ये नील यंग या इंग्रजी गाणाऱ्या गायकाचा आहे, २००४ साली आलेला, १६ गाण्यांचा. नागपूरच्या मामेभावाने कधीतरी पेनड्राइव्हमध्ये भरून दिला होता, तेव्हापासून फोन बदलतात पण तो सोबत येतो. ऐकायची जागा म्हणजे जागली. तूर शेंगांवर आली की डुकरं आन रोही रात्रीतून वावर साफ करतात, म्हणून मी आणि आमचा बुढा सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी) मचाणावर, खाली शेकोटी, आणि फोन स्टीलच्या गिलासात ठेवलेला म्हणजे आवाज मोठा येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बुढा म्हणे, "बाई हाय का बुवा हा?" आता आवाज पातळच आहे त्याचा, काय सांगणार.

तर हात आत घालू. यातली गाणी गायकाने आवडीने निवडलेली नाहीत, रेकॉर्ड किती खपल्या, रेडिओवर किती वाजलं, डाऊनलोड किती झालं यावरून घेतलीत, आणि हे त्याने अल्बमवर स्वतःच लिहून टाकलंय. म्हणजे गाडीवर पाटी लावून आणली की बाबू वरचा थर आहे, पाहून घे. मोजून पाहा, १६ पैकी पहिली ११ गाणी १९६९ ते १९७२ या चार वर्षांतली आहेत! उरलेल्या पाचात १९७७ ते १९९२, आणि त्याच्या पुढची बारा वर्षं एकदम कोरी. ही निव्वळ पहिली वेचणी झाली. पहिल्या वेचणीला भाव चांगला येतो हे खरंच आहे, पण पीक काही तेवढंच नसतं ना, दुसरी असते, तिसरी असते, मग फरदड म्हणजे हंगाम सरल्यावर त्याच झाडांवरचं उशिराचं पीक, आणि त्या फरदडीतच शेतकऱ्याची खोड कळते.

आणि या माणसाची खोड भारी आहे. १९७२ ला 'हार्ट ऑफ गोल्ड' अमेरिकेत एक नंबरला गेलं, तर पुढे १९७७ च्या स्वतः निवडलेल्या तीन रेकॉर्डांच्या संग्रहात हा लिहितो की या गाण्याने मला रस्त्याच्या मधोमध आणलं, तिथं कंटाळा आला म्हणून मी कडेच्या नालीकडे वळलो. आपल्याकडे बंडी नालीत गेली तर अर्धं गाव जमा होते, हा मुद्दाम घालतो. पुढे १९८३ मध्ये तर त्याच्या रेकॉर्ड कंपनीनेच त्याला कोर्टात खेचलं, तक्रार काय, तर तुझ्या रेकॉर्डी तुझ्यासारख्या वाटत नाहीत! ज्या रेकॉर्डांवरून भांडण झालं त्यातलं एक पण गाणं इथं नाही. मला तीच पाहिजे होती.

तरी एक गोष्ट मानायला लागते. हिट म्हटलं की तीन-चार मिनिटांचा मामला, आणि हा सुरुवातच करतो नऊ मिनिटांच्या 'डाऊन बाय द रिव्हर'ने आणि त्यानंतर लगेच दहा मिनिटांचं दुसरं. गिटार आपली एकाच सुरावर खरडत बसते, जसं विहिरीवरचं इंजिन पाणी लागेपर्यंत धडधडत राहते तशी. मला मजा येते. बुढा तेवढ्या वेळात एक चक्कर मारून येतो.

त्याला 'ओल्ड मॅन' मात्र मी समजावून सांगितलं. म्हटलं आबा, या पोट्ट्याने पंचविशीच्या आतबाहेर असताना कॅलिफोर्नियात मोठ्ठं वावर घेतलं, आणि तिथं आधीपासून राखण करणारा एक म्हातारा होता, त्याने विचारलं की तुझ्यासारख्या पोराकडे एवढा पैसा आला कुठून, तर हे गाणं त्या म्हाताऱ्यासाठी आहे.

"किती एकर?"

"शंभराच्या वर."

"म्हंजे मालगुजारच म्हन ना. आन बुढ्याले साल किती देत होता?"

हे काही गाण्यात नाही. अन खरं सांगतो, मला पण आजपर्यंत सुचलं नव्हतं. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी १९८५ पासून जो फार्म एड नावाचा कार्यक्रम होतो तो विली नेल्सन, जॉन मेलनकँप हे गायक आणि यानेच सुरू केला, हे सांगून मी गायकाची बाजू सावरायचा प्रयत्न केला. बुढ्याने हूं केलं. बिडी पेटवली.

शेवटी 'हार्वेस्ट मून' लागतं. १९९२ चं, सोंगणीच्या दिवसातल्या चांदण्यात जुन्या बायकोसोबत नाचायचं गाणं, मागे झाडू मारल्यासारखा हळू आवाज येत राहतो, आणि तो खरोखरच झाडूचा आहे म्हणतात. त्या रात्री चांदणं होतं, तुरीवर दव पडलेलं. बुढा काहीच बोलला नाही, मला वाटलं झोपला. गाणं संपता संपता म्हणे, "बंद कर ते, खालच्या धुऱ्याकडून आवाज येऊन राह्यला," आणि टॉर्च घेऊन मचाणावरून उतरला पण.