पहिल्या वीतभराचा आवाज

पाच-सहा दिवसांपूर्वी दुपारी, चार दिवस जागेवरून न हललेली गाडी बाहेर काढायला गेलो आणि ती वीतभर पुढे सरकते न सरकते तोच मागच्या बाजूने कुठून तरी ‘टक्’ असा आवाज आला. आवाज एकदाच आला आणि पुन्हा आलाच नाही. मी गाडी थांबवली, मागे घेतली, पुढे घेतली, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले, शेवटी खाली उतरून चारही चाकांकडे एकेकदा वाकून पाहिले. चाके चाकांसारखीच दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच वीतभर सरक आणि पुन्हा तोच ‘टक्’.

चालत्या गाडीत येणाऱ्या आवाजाचे एक बरे असते, तो सोबत राहतो. त्याला कान देता येतो, सोबत बसलेल्याला ऐकवता येतो, वेग कमीजास्त करून त्याची परीक्षा घेता येते. उभी गाडी हलताना येणारा आवाज मात्र आला तसा निघून जातो आणि तो पुन्हा ऐकायचा तर गाडी रात्रभर उभी ठेवावी लागते. म्हणजे चोवीस तासांत प्रयोग एकच, आणि नेमक्या त्या क्षणी शेजारून एखादी मोटारसायकल गेली तर तोही वाया. गॅरेजमध्ये तर हा आवाज कधीच पोहोचत नाही, कारण तिथे जायचे म्हणून गाडी हलवली की तो आपल्या दारातच खर्ची पडलेला असतो. घरी दिवसभर कविता म्हणणारे पोर पाहुण्यांसमोर मुके होते, तसाच हा प्रकार.

मग मेकॅनिक शांतपणे विचारतो, “आवाज कसा येतो?” आणि चांगला वयात आलेला माणूस चारचौघांत तोंडाने ‘टक्’ करून दाखवतो. मला याची लाज वाटत नाही, कारण या कामी आपली भाषा फार उपयोगाची आहे असे माझे जुने मत आहे. खरखर आणि करकर, घरघर आणि गुरगुर, खडखड आणि खळखळ यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, आणि गाडीच्या बाबतीत अर्धे निदान त्या फरकातच असते. ओल्या रात्रीनंतर सकाळी ‘खरखर’ म्हणणारी चाके बहुधा निर्दोष असतात. ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, बिडाची असते, दमट हवेत एका रात्रीत तिच्यावर नारिंगी गंजाचा पातळ थर चढतो आणि पहिल्या चार-सहा ब्रेकमध्ये तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे पॅड तो खरवडून टाकतात. ‘कुईऽऽ’ असा आवाज गाडी उभी असताना नुसते इंजिन सुरू केल्यावरही येत असेल, तर त्याचा चाकांशी संबंध नाही, संशय इंजिनच्या पट्ट्यावर घ्यावा. पूर्ण वळणावर ‘कटकट’ करणारा पुढचा सीव्ही जॉइंट असतो, म्हणजे चाक वळलेले असतानाही त्याला फिरवत ठेवणारा सांधा. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर जमिनीला टेकलेल्या भागात थोडा चपटा होऊन ‘धप धप’ करत निघतो आणि काही किलोमीटरांत गरम होऊन पुन्हा गोल होतो. टायरच्या नक्षीत अडकलेला खडा ‘टिक टिक’ करतो. मोटारीच्या चाकाचा घेर साधारण दोन मीटरांच्या आतबाहेर असतो, त्यामुळे ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना सेकंदाला तीनेक टिचक्या ऐकू आल्या, तर तो चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला हजेरी लावणारा खडा आहे असे बेलाशक समजावे.

हे कान मला मामाने दिले. त्याची जुनी मोटार निघताना दर वेळी काही तरी बोलायची आणि काय बोलते हे ऐकण्याचे काम सुट्टीत माझ्याकडे असायचे. मामा गाडीत बसायचा, काच खाली करायचा आणि मी मागच्या चाकाशी उकिडवा बसून कान जवळ न्यायचो. तो क्लच अगदी हळू सोडायचा, गाडी एक झोका खाऊन हलायची आणि मी बेडकासारख्या उड्या मारत चाकाबरोबर चार पावले जायचो. आतून प्रश्न यायचा, “आला का रे?” मी म्हणायचो, “आला.” “टक् की खट्?” इथे माझी पंचाईत व्हायची. टक् म्हणावे तर कोरडा वाटावा आणि खट् म्हणावे तर जड. चुकीचा शब्द दिला तर मामा चुकीचे चाक उघडून बसेल अशी जबाबदारी मनावर असायची. एकदा मी बराच विचार करून “टक् आणि मग थोडे कर्र” असे सांगितले, तेव्हा मामा खाली उतरला आणि एखाद्या मोठ्या माणसाशी बोलावे तसा माझ्याशी बोलला. त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक चालू इंजिनला टेकवून मूठ माझ्या कानामागच्या हाडाला लावली होती, तोही दिवस तोच. लोखंडातून येणारा तो आवाज इतका जवळचा होता की मी दचकून डोके मागे घेतले. (असे करताना फिरता पंखा आणि पट्टा यांपासून हात, बाही आणि केस दूर ठेवायचे असतात. मामाने हे आधी नव्हे, नंतर सांगितले.)

मामाची पद्धत मी अजून सोडलेली नाही. गाडी निघताना काच खाली, रेडिओ बंद आणि आत बसलेल्या सर्वांनी पहिली दहा पावले गप्प राहायचे, असा आमच्या घरात नियम आहे. तो पाळला जात नाही ही गोष्ट वेगळी. या सवयीचे तोटेही मी भोगले आहेत. आताची ही गाडी नवी घेतली तेव्हा निघाल्यावर थोड्याच अंतरात पायाखालून ‘घुर्र’ असा अगदी क्षणभराचा आवाज यायचा आणि मी दोन आठवडे त्याच्या मागावर होतो. शेवटी कळले की ती एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी, यंत्रणा होती. इंजिन सुरू केल्यानंतर गाडीने पहिल्यांदा जरा वेग घेतला की ती आपला पंप एकदा फिरवून स्वतःची तपासणी करते. त्यापाठोपाठ येणारा ‘खटक्’ हा दारांची कुलपे आपोआप लागल्याचा होता. गाडी रोज सकाळी स्वतःची प्रकृती तपासत होती आणि मी तिलाच आजारी ठरवत होतो.

एका आवाजाच्या बाबतीत मात्र मी थट्टा करत नाही. चाक नुकतेच काढून बसवले असेल आणि त्यानंतर गाडी हलताना किंवा थांबताना ‘खट्’ होत असेल, तर निदान वगैरे बाजूला ठेवून गाडी तिथेच उभी करावी आणि आधी चाकाचे नट तपासावेत. ढिले नट सुरुवातीला एवढेच बोलतात. चाक बसवल्यावर ८०-१०० किलोमीटर झाले की नट पुन्हा एकदा योग्य ताकदीने आवळून घ्यावेत, हा सल्ला कंटाळवाणा असला तरी मी पाळतो. या वेळीही पान्हा घेऊन आधी तेच पाहिले. नट घट्ट होते.

मग उरला तो खरा तपास. आवाज मागून येत होता, एकदाच येत होता, चाक फिरायला लागताक्षणी येत होता आणि गाडी रात्रभर उभी राहिल्याशिवाय येत नव्हता. माझ्या गाडीच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा एक डबा, आणि हँडब्रेक ओढला की आतले लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणारे थर, त्या ड्रमला घट्ट दाबून बसतात. गाडी धुतलेली असेल किंवा पावसात भिजलेली असेल तर आत राहिलेल्या ओलीने ड्रमला गंज येतो आणि लायनर तिथेच चिकटतो. जागचे कपाट हलवताना पहिला धक्काच काय तो जोराचा लागतो, नंतर ते मुकाट सरकते, त्यातलाच हा प्रकार आहे. हँडब्रेक सोडला तरी लायनर सुटत नाही, इंजिन चाकाला ओढ देते आणि मग तो एकदम सुटतो. तोच ‘टक्’. गेल्या आठवड्यात मी गाडी मोठ्या हौसेने धुतली होती आणि तशीच, ओली, हँडब्रेक ओढून उभी केली होती, हे मला या टप्प्यावर आठवले. धुतल्यावर एक लहानशी चक्कर मारून ब्रेक हलके दाबत ते सुकवून घ्यायचे असतात, हे मी इतरांना नेहमी सांगतो.

तरीही पुरावा हवा होता. पहिल्या रात्री सपाट जागेवर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली, चाकांना पुढून-मागून दगड लावले आणि हँडब्रेक ओढलाच नाही. सकाळी दगड काढून गाडी हलवली, आवाज नाही. दुसऱ्या रात्री हँडब्रेक ओढला आणि सकाळी ‘टक्’ हजर. तिसऱ्या रात्री पुन्हा दगड, सकाळी पुन्हा शांतता. इतके स्वच्छ उत्तर मला आयुष्यात फार थोड्या प्रश्नांचे मिळाले आहे. मी ड्रम उघडून साफ करून घेण्याचा दिवस ठरवला, घरात सर्वांना लायनरची हकीकत सविस्तर सांगितली आणि ती त्यांनी ऐकल्यासारखी केली.

केवळ निकाल पक्का करावा म्हणून चौथ्या रात्रीही दगडच लावले. आज सकाळी हँडब्रेक न ओढलेली ती गाडी हलवली आणि ‘टक्’ असा आवाज आला. तोही पुढून आल्यासारखा वाटला. आत बसून दिशा कळत नाही, आवाज सांगाड्यातून फिरून भलतीकडूनच कानात शिरतो, म्हणून संध्याकाळी गाडी परत आणल्यावर मी उद्याची व्यवस्था लावून ठेवली. पत्नीने डाव्या चाकाशी, मुलीने उजव्या चाकाशी उभे राहायचे. पण मुलीला धीर धरवेना, आत्ताच एकदा करून पाहू म्हणाली. गाडी चार तासच उभी होती. मी क्लच मामासारखा अगदी हळू सोडला, गाडी झोका खाऊन वीतभर सरकली आणि मी काचेतून विचारले, “आला का?”

“आला,” पत्नी म्हणाली, “पण तिच्या बाजूने.”

“नाही हो बाबा,” मुलगी पलीकडून म्हणाली, “आईच्या बाजूने आला. आणि टक् नव्हता तो.”

मग कसा होता, यावर दोघींचे अजून एकमत झालेले नाही. गाडी पुन्हा रात्रभरासाठी उभी केली आहे.