नेत्रावळी आणि खोतीगाव: दोन दिवस पायी जंगलात

पाऊस सरून वाटा वाळल्या की एकदा तरी जंगलात जायचं, हा आमच्या घरचा नेम. यंदा डिसेंबरातला एक शनिवार-रविवार धरून आम्ही चौघं फोंड्याहून निघालो: मी, ही, अकरा वर्षांची लेक आणि भाचा. शनिवारी नेत्रावळी, रविवारी खोतीगाव, दोन्ही दक्षिण गोव्यातली अभयारण्यं.

पहाटे साडेपाचला निघून शिरोडा, सावर्डे, सांगे असे गेलो. पेट्रोल सावर्डे-कुडचड्यालाच भरून घ्या आणि सोबत रोख पैसे ठेवा. नेत्रावळीच्या पुढे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे घरी काय सांगायचं ते आधीच सांगून ठेवा.

नेत्रावळीत बहुतेक लोक आधी गोपीनाथाच्या देवळाकडची बुडबुड्यांची तळी बघतात. आम्ही ती परतताना बघितली. ज्याला चालायचं आहे त्याने सकाळ देवळात घालवू नये. वन खात्याच्या नाक्यावर नोंद केली, प्रवेश फी भरली आणि गावातलाच एक वाटाड्या सोबत घेतला. तरुण मुलगा, वेळीप या आदिवासी समाजातला. चौघांसाठी वाटाड्याचा खर्च कशाला, असं भाच्याला वाटत होतं. पहिल्या अर्ध्या तासानंतर त्याने तो विषय काढला नाही.

सावरी धबधब्याची वाट अवघड नाही, पण तिच्यावर काय बघायचं ते आपल्याला कळत नाही. त्या मुलाने लेकीचा हात धरून एका झाडाच्या सालीवर ठेवला. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली जाड साल. हा माट्टी, गोव्याचा राज्यवृक्ष, ज्याला देशावर ऐन म्हणतात. पलीकडे किंदळ होता. दोघांची पानं मला आजवर सारखीच वाटायची. पुढे वर फांद्यांतून पंखांचा मोठा आवाज आला आणि धनेशाची जोडी वाटेवरून आडवी गेली. तो म्हणाला, ही दोघं रोज याच वेळी या उंबरावर येतात. गावातल्या माणसाशिवाय हे दुसरं कोण सांगणार?

डिसेंबरात सावरीला पाणी बेताचं असतं, पण नितळ. पाण्यात उतरायच्या आधीच त्याने बजावलं, "फुडें उदकांत देंवचें न्हय" (पुढे पाण्यात उतरायचं नाही). वरून उथळ दिसणाऱ्या डोहाखाली खडक कुठे तुटतो, ते त्याला माहीत होतं. याच अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यावर 2023च्या जुलैत दोघं बुडाले आणि वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर प्रवेशच बंद केला. नंतर काही ठिकाणं पुन्हा खुली झाली. पावसाळ्यात जाणार असाल तर त्या आठवड्यात काय चालू आहे ते खात्याकडे विचारूनच निघा.

त्या बंदीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. भर पावसात धबधबे बंद ठेवणं मला पटतं. पण सरसकट बंदी घातली की जो माणूस जबाबदारीने चालतो तो थांबतो आणि जो चोरवाटेने जातो तो जातच राहतो. त्या चोरवाटेवर त्याला "हांगा देंवूं नाका" (इथे उतरू नका) म्हणणारं कुणी नसतं. मधल्या काळात वाटाड्याची कमाईही जाते. माझ्या मते प्रत्येक गटामागे गावातला एक वाटाड्या सक्तीचा करावा, दिवसाला किती माणसं आत जाणार ते ठरवावं आणि फीचा काही भाग गावातच राहावा.

नेत्रावळी (211 चौरस किलोमीटर) आणि उत्तर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं म्हादई (208 चौरस किलोमीटर) ही दोन्ही अभयारण्यं 1999 साली जाहीर झाली. आत गावं होती, अजूनही आहेत. कुळागरं (नारळ-सुपारीच्या बागा), शेतं, देवळं, गुरं सगळं सीमेच्या आत आलं. वनहक्क कायद्याखाली या माणसांनी केलेले दावे वर्षानुवर्षं रखडले. जंगल वाचलं याचा मला मनापासून आनंद आहे, पण ज्यांच्या दारात ते वाचलं त्यांच्या पदरात काय पडलं, हेही विचारायला हवं. 2020च्या जानेवारीत सत्तरीत गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मारले गेले. त्याआधी वाघाने गावातली गुरं मारली होती. त्या चौघांचे फोटो मी आजही बघू शकत नाही. पण ज्याचं जनावर गेलं त्याला वेळेत भरपाई मिळायला हवी आणि वाघ जिवंत राहिला तर आपल्याही घरात दोन पैसे येतील, असं दिसायला हवं. 2023च्या जुलैत उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा म्हणून सांगितलं. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं.

मोल्याची गोष्ट याच्या उलट. 2020च्या नोव्हेंबरात मोल्याच्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाविरोधात लोक चांदरला रात्रभर रुळांवर होते. मीही होतो. माझ्या शेजारचा मडगावचा एक मुलगा सांगत होता, शाळेच्या सहलीत मोल्याच्या जंगलात पहिल्यांदा शेकरू बघितलं म्हणून आलोय. 2022च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या मार्गाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. तो मुलगा त्या सहलीला गेला नसता तर त्या रात्री आलाही नसता. म्हणून जंगलं लोकांना खुली हवीत, आणि पायी चालण्यासाठी हवीत.

रविवारी खोतीगाव. आदल्या रात्री रिवण, केपे, बाळ्ळीमार्गे काणकोणला चावडीत मुक्काम केला. तिथून कारवारच्या दिशेने महामार्गाने थोडं गेल्यावर डावीकडे फाटा आहे. फाटकाजवळ निसर्ग माहिती केंद्र आहे. आतल्या पायवाटा आणि झाडावरचा पंचवीस मीटर उंचीचा मनोरा यांची चौकशी तिथेच करा. आम्ही फाटक उघडताच आत गेलो म्हणून गवे दिसले: पाच, त्यात एक वासरू, रस्त्यापासून वीस पावलांवर. गाडी थांबवून इंजिन बंद केलं आणि बसून राहिलो. हॉर्न वाजवू नका, खाली उतरू नका. मोठा नर मान वर करून बराच वेळ बघत उभा होता. लेकीने श्वास रोखला होता.

दहाच्या सुमारास मागून दोन गाड्या मोठ्याने गाणी लावून आल्या, आणि त्यानंतर कुस्के धबधब्याच्या दिशेने चालताना आम्हाला पक्षीसुद्धा दिसला नाही. जंगल खुलं करायचं तर स्पीकर फाटकावरच काढून घ्यायला हवेत. आम्ही वाटेवरच्या बाटल्या गोळा केल्या. एक पिशवी भरली, दुसरी अर्धी.

जाणाऱ्यांसाठी आणखी काही. ऑक्टोबरपर्यंत जळवा असतात, पायात लांब मोजे घाला. सत्तरीकडे जाणार असाल तर गोचिडांपासून जपा. तिथे 2015पासून माकडताप आढळतो आणि तो गोचिडांमधून पसरतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पाला-गवतावर बसू नका, घरी आल्यावर अंग तपासा आणि ताप आला तर जंगलात गेल्याचं डॉक्टरला आठवणीने सांगा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता खात्याला कळवा. नानोडे-बांबरची निरंकाराची राय, म्हणजे देवराई, बघायची असेल तर गावकऱ्यांना विचारून जा. तिथे रानजायफळांच्या मुळ्या चिखलातून गुडघ्यासारख्या वर येतात. ती देवाची राय असल्यामुळे गावाने तिथे कुऱ्हाड चालवलेली नाही.

खाणं बरोबर घ्या. आम्ही दोन दिवस पोळ्या, सुकी भाजी आणि केळी यांवर काढले. शक्य असेल तर रविवार टाळा. परत निघताना लेकीने वाटाड्याला विचारलं होतं, "दादा, मार्चमध्ये तो उंबर असेल?" झाड असेल, पण फळं तेव्हा दुसऱ्या उंबरावर असतील, असं तो म्हणाला. त्याचा नंबर आम्ही घेऊन ठेवला आहे.