पऱ्हाटीच्या डागातला डिंक

एम.एस्सी.च्या तिसऱ्या सेमिस्टरला प्रोजेक्ट ठरवायचा होता, तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी होते. ऑगस्टची झड नुकतीच उघडली होती. वावरात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानांवर शिरांच्या मधोमध अडकलेले कोनाकार, पाणचट डाग पडले होते. मी ती पानं कागदात गुंडाळताना पाहून बाबा म्हणाले, "अवं, ह्या डागापायी पान गळून रायलं, अन् तू त्याले जपून ठेवून रायली?"

तो डाग पाडणारा जिवाणू झँथोमोनास. त्याचाच भाऊबंद झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस कारखान्यात झँथन गम बनवतो. सॉसच्या बाटलीवर ई ४१५ लिहिलेलं असतं, तो हाच डिंक.

डागाचा तुकडा पाण्यात ठेवून मायक्रोस्कोपखाली पाहिला, तर कापलेल्या कडेतून जिवाणूंचा धूर निघावा तसा लोंढा बाहेर आला. प्लेटवर तीन दिवसांत पिवळ्या, चिकट वसाहती आल्या. इथवर सोपं होतं.

मग त्याच जिवाणूकडून डिंक करून घ्यायचा होता. पहिला फ्लास्क वाया गेला. रात्री लाईन गेली, शेकर थांबला. ह्या जिवाणूला भरपूर ऑक्सिजन लागतो. हलणं बंद झालं की वाढही मंदावते आणि डिंकही. सकाळी द्रव ताकासारखा पातळ. दुसऱ्यांदा इन्व्हर्टरच्या जोडणीवर ३० अंशांना ७२ तास चालवलं. द्रवातून जिवाणू वेगळे काढून वरच्या पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतलं, आणि काचेच्या दांडीभोवती पांढरे तंतू गुंडाळले गेले, पिंजलेल्या सरकीच्या कापसासारखे. मी बराच वेळ दांडी तशीच धरून उभी होते.

खरी अडचण मात्र पुस्तकात होती. ग्लायकोसिलट्रान्सफरेज, म्हणजे साखरेला साखर जोडणारं एन्झाइम, हा शब्द मी पाठ केला होता, समजला नव्हता. हे एन्झाइम साखर सुटी उचलत नाहीत. ग्लुकोजला आधी यूडीपी नावाच्या रेणूची मूठ बसवावी लागते, मॅनोजला जीडीपीची, आणि मगच ती जोडता येते. (अशा मूठवाल्या साखरांच्या शोधासाठी लुई लेलुआर यांना १९७० चं नोबेल मिळालं.) पेशीच्या आतल्या पडद्यात एक चरबीचा वाहक रुतलेला असतो. ह्या एन्झाइमांपैकी गम-डी त्यावर पहिलं ग्लुकोज फॉस्फेटसकट बसवतो, गम-एम दुसरं ग्लुकोज, गम-एच मॅनोज, गम-के ग्लुक्युरॉनिक आम्ल, गम-आय शेवटचं मॅनोज. पाच हात, पाच साखरा. मग तो पंचक पडद्याच्या पलीकडे उलटतो आणि तिथे एकाला एक जोडून साखळी होते.

हे मला उमगलं ते एका बिघाडामुळे. वारंवार नव्या प्लेटवर लावत राहिल्याने चिकट वसाहतींत काही लहान, कोरड्या वसाहती दिसू लागल्या. मला वाटलं, दुसराच जिवाणू शिरला. सरांनी विचारलं, "पहिलाच हात थांबला तर?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गम-डी नसेल तर वाहकावर काहीच बसत नाही, पुढचे चौघे रिकामे, डिंक शून्य. शेवटचा गम-आय नसेल तर मात्र साखळी होते, पण तिची बाजूची फांदी एका साखरेने तोकडी आणि घट्टपणा कमी. माझ्या कोरड्या वसाहतींत सुरुवातीचाच कुठला तरी हात तुटला असावा. त्या रात्री मी पाचही टप्पे न बघता वहीत काढले.

तोंडी परीक्षेनंतर घरी वाळलेली पूड पाण्यात ढवळून बाबांना दाखवली. त्यांनी बोटांत तार ताणून पाहिली. "मंग हा डिंक थांबवला तं डाग थांबन का?"

कोबीवरच्या झँथोमोनासमध्ये डिंक न करणाऱ्या प्रकारांमुळे रोग कमी पडतो, एवढं मी सांगितलं. पऱ्हाटीवर काय होतं ते बघायला चिकट आणि कोरड्या दोन्ही वसाहती ग्लिसरॉलमध्ये जपून ठेवल्या आहेत. कॉलेजच्या जाळीघरात कुंड्याही भरून झाल्या.