फॉर्म १० नंतरची रात्र

नाशिकच्या आमच्या अतिदक्षता विभागात दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या दुसऱ्या ॲप्निया चाचणीत, म्हणजे व्हेंटिलेटरचे श्वास थांबवून रुग्ण स्वतःहून श्वास घेतो का हे पाहताना, रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० च्या वर गेला, तरी छाती हलली नाही. पहिल्या चाचणीला ६ तास उलटले होते. चार डॉक्टरांनी मेंदूमृत्यू प्रमाणित करणाऱ्या फॉर्म १० वर सह्या केल्या आणि तीच मृत्यूची वेळ ठरली. हृदयाच्या ठोक्यांना मेंदूची गरज नसते, प्राणवायू मिळेल तोवर ते स्वतःच्या लयीत चालते आणि तो प्राणवायू व्हेंटिलेटर देत आहे, हे मी त्यांच्या पत्नीला तीनदा समजावले. यकृत आणि मूत्रपिंडे देण्यास त्यांनी संमती दिली. पुण्याच्या अवयवदान समन्वय केंद्राला कळवले. शस्त्रक्रिया पहाटेची ठरली.

मेंदूच संपल्यावर व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक स्रवत नाही, मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवण्याचा निरोप मिळत नाही आणि लघवी वाहतच राहते. रात्री ११ वाजता निवासी डॉक्टरांनी ‘लघवी उत्तम’ अशी नोंद केली होती. मृत्यूची नोंद झाली की आमच्या लोकांची नजर सैल होते, हे मी पूर्वीही पाहिले आहे. पिशवी तासाभरात दुसऱ्यांदा भरल्याचे सिस्टरांनी मला फोन करून सांगितले, तेव्हा रक्तातले सोडियम १६१ झाले होते आणि रक्तदाब उतरत होता. यकृत चांगले राहावे म्हणून सोडियम १५५ च्या खाली ठेवायचे असते. व्हॅसोप्रेसिन सुरू केले, सलाइन बदलले, नाकातल्या नळीतून पाणी दिले, अंग थंड पडू नये म्हणून गरम हवेचे पांघरूण घातले आणि दर तासाला लघवी मोजून तेवढा द्रव परत दिला. पहाटे ४ वाजता सोडियम १५३ होते.

मधल्या काळात त्या सिस्टर त्यांना कुशीवर वळवताना सवयीने म्हणाल्या, “दादा, जरा या अंगावर घेते हं.” पत्नी दारातच होत्या. “ताई, यांना ऐकू येतं?”

“नाही,” मीच उत्तर दिले. नंतर बाहेर सिस्टरांना मी कडक शब्दांत सुनावले, की कुटुंबाला जे समजवायला आम्हाला दिवस लागला, ते एका वाक्याने विस्कटते. त्या म्हणाल्या, “सर, बोलले नाही तर माझा हात धसमुसळा होतो.”

मी त्यावर काही बोललो नाही. पिशवी त्यांनीच पाहिली होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. पहाटे ट्रॉलीवर घेताना त्यांनी नळ्या नीट सावरल्या, पण तोंडातून शब्द काढला नाही.