मॅडम, कागदावर लिहू नका

भांडुपच्या एका गोदामात ड्रायव्हर आणि हमालांची आरोग्य तपासणी होती. अशा ठिकाणी डॉक्टरचं टेबल बहुधा सुपरवायझरच्या केबिनला लागून मांडतात, तसंच इथंही होतं. मागे गाड्या भरायची गडबड, रांगेत प्रत्येकाला घाई. पण बीपी घाईत बघून चालत नाही. माणसाला पाच मिनिटं स्वस्थ बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. अर्ध्या तासात चहा-तंबाखू झालेली नको, लघवी तुंबलेली नको. मधे बोललं तरी आकडा चढतो. मी आधी खुर्च्या मागवल्या. काम खोळंबतंय म्हणून कुरकुर झाली, ती ऐकून घेतली.

दुपारकडे एक टेम्पोचालक आले. वय चौतीस, अंगाने सडपातळ. "मला कसला बीपी? दिवसभर पोती उचलतो," म्हणत त्यांनी बाही वर केली.

१९६/११८.

थोड्या वेळाने दुसऱ्या हातावर पाहिलं, १९२/११६. डोकं दुखतंय का, छातीत दुखतं का, अंधुक दिसतं, दम लागतो, हातपाय बधिर होतात? एकही तक्रार नाही. मी पेन उचललं तसे ते पुढे झुकले आणि अगदी हळू म्हणाले, "मॅडम, कागदावर लिहू नका. गाडी काढून घेतील."

त्यांच्या डोळ्यांत आजाराची भीती नव्हतीच, होती ती हप्त्यांची. आपण लोकांना बेफिकीर म्हणून मोकळे होतो, पण ज्याच्या आकड्यावर त्याची रोजी अवलंबून आहे तो आकडा लपवणारच. मला याचा फार राग येतो, आणि तो कामगारावर नाही.

केबिनमधून सल्ला आला, जिभेखाली गोळी द्या, लगेच उतरेल. मी स्पष्ट नाही म्हटलं. मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांना आत्ता इजा होत असल्याची लक्षणं असती तर थेट ॲम्ब्युलन्स बोलावली असती. ती नसताना इतकं चढलेलं बीपी झटक्यात उतरवलं तर मेंदूचा रक्तपुरवठाच कमी पडू शकतो. ते सावकाश उतरवायचं असतं.

मग नीट विचारत गेले. रात्री भिवंडीची फेरी, सकाळी ठाण्याजवळच्या दिवा गावात घरी, पत्र्याच्या खोलीत जेमतेम चार तास झोप. गाडी चालवताना वडापाव आणि मीठ लावलेली मिरची, दाढेत तंबाखू-चुना. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून थोडं कमीच. पण मला खरा धागा सापडला तो शर्टाच्या खिशात. तिथून वेदनाशामक गोळ्यांची अर्धी पट्टी डोकावत होती. कंबरेसाठी रोज दोन, मेडिकलवाल्याकडून परस्पर, दोनेक वर्षं. या गोळ्यांनी अंगात मीठ-पाणी साठतं, बीपी वाढतं आणि मूत्रपिंडावरही ताण येतो. लघवी तपासायच्या पट्टीवर प्रथिनं दिसली, ही मूत्रपिंडाला त्रास होत असल्याची खूण असू शकते. एवढ्या तरुण, सडपातळ माणसात एवढं बीपी म्हटल्यावर मूत्रपिंड बघायलाच हवं.

त्याच दिवशी त्यांना पालिकेच्या रुग्णालयात पाठवलं. आकड्याची चिठ्ठी त्यांच्याच हातात दिली. कंपनीला एवढंच लिहून दिलं: तूर्त गाडी देऊ नये, फेरतपासणीनंतर कळवते, तोवर हलकं काम द्यावं. आपल्या जिवासाठी आणि रस्त्यावरच्या लोकांसाठी एवढं करावंच लागेल, हे त्यांनाही समजावलं. सुपरवायझरने नेमका आकडा मागितला. तो मी दिला नाही.

मूत्रपिंड कसं काम करतंय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं निघालं. वेदनाशामक बंद झाले, कंबरेसाठी व्यायाम आणि बीपीसाठी आधी ॲम्लोडिपिन, मग टेल्मिसार्टन सुरू झालं. काही आठवड्यांनी १३८/८६. गाडी परत मिळाली, दिवसपाळीची, मुलुंड-ठाण्याची. भेटल्यावर पहिला प्रश्न, "आता गोळ्या बंद करू?" नाही, गोळ्या चालू आहेत म्हणूनच आकडा खाली आहे. असा त्रास घराण्यातही चालतो, म्हणून भावंडांनाही तपासून घ्या, असं सांगितलं. साताऱ्याच्या थोरल्या भावाचं १६८/१०२ निघालं. तेही शेतात राबतात, आणि तक्रार त्यांचीही काही नव्हती.